ओल्या लाकडाचं बाकडं

आज पिकाची नोंद नाही, अंगणातल्या बाकड्याची आहे.

आबांच्या गुडघ्यांमुळं खाली बसणं बंद झालं. पण संध्याकाळी शेत दिसेल अशा जागी बसल्याशिवाय त्यांना करमत नाही. म्हणून चार वर्षांमागं बांधावरची बाभूळ पडली तेव्हा तिचं आठ दिवसांत बाकडं ठोकलं. पाय सालीसकट दीड फूट जमिनीत गाडले. दुसऱ्या पावसाळ्यात आबा बसले आणि पाय मोडला. मुका मार लागला, हाड वाचलं. बघितलं तर जमिनीलगतच वाळवीनं पाय पोखरलेला. फळ्यांखाली पिवळं पीठ पडत होतं, ते मी महिनाभर नुसतं झाडून काढत होतो. चूक माझीच.

तूर दाताखाली फोडून बघितल्याशिवाय आपण कोठीत भरत नाही. ओल्या मालाला कीड लागते हे कळतं, मग लाकूड ओलं का वापरलं?

पुढच्या वळवात दुसरी बाभूळ आडवी झाली. या वेळी घाई केली नाही. जुनी माणसं ओंडका पाण्यात बुडवून ठेवत. त्यानं लाकडातला रस धुऊन जातो, भुंगा कमी लागतो. मीही दोन महिने ओढ्याच्या डोहात ठेवला. मग गिरणीवर 2 इंची फळ्या पाडल्या. बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकलं, कीड आधी त्यालाच धरते. लाल गाभा तेवढा घेतला. बैलगाडी, औतं याच गाभ्याची व्हायची. फळ्यांच्या टोकांना रंग फासला, नाहीतर टोकं लवकर वाळून चिरतात. मधे पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावली. दहा महिने हात लावला नाही.

बाकडं 5 फूट लांब, बैठक 18 इंच उंच. 4 इंच रुंदीच्या चार फळ्या, मधे पाव इंच फट, म्हणजे पाणी साचत नाही. हाताला टेकण बैठकीपासून 9 इंचावर. गुडघे दुखणाऱ्याला उठताना तेच कामाला येतं. वाळलेल्या बाभळीत खिळा वाकतो, म्हणून गिरमिटानं भोकं पाडून नटबोल्ट घातले. पाय गाडले नाहीत, सपाट दगडांवर ठेवले. वरून जवसाचं तेल दोन हात दिलं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

परवा बाकडं मांडलं. आबांनी आधी काठीनं चारी पाय ठोकून बघितले. मी काही बोललो नाही. मग टेकणाला धरून सावकाश बसले आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या सऱ्यांना पाणी पोचलेलं नाही."

खरंच पोचलेलं नव्हतं.