बोट लागली की गॅस?

घरात गॅसचा वास आला की आपण खिडक्या उघडतो. नौकेवर तेवढ्याने भागत नाही. सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, ब्युटेन जवळपास दुप्पट. घरात तो जमिनीलगत पसरून दाराखालून बाहेर पडू शकतो. नौकेच्या तळाला दार नसते. पाणी आत शिरू नये म्हणून घट्ट बांधलेल्या त्या तळात गळालेला गॅस पाण्यासारखाच साचतो, आणि विजेच्या बटणाची एक ठिणगी त्याला पुरते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलंटच्या सामुद्रधुनीत, माझा भाचा शिडाची नौका चालवतो. तिच्यावर चार दिवस राहिले तेव्हा तिथली शिस्त पाहून समाधान वाटले. सिलिंडर वेगळ्या बंदिस्त पेटीत ठेवलेला. तिचे झाकण वरच्या बाजूला उघडणारे आणि तळाची नळी गळालेला गॅस थेट नौकेबाहेर सोडणारी. चहा झाला की भाचा आधी सिलिंडर बंद करी, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू देई, मगच शेगडीचे बटण फिरवी. सकाळी उठल्यावर तळातला हातपंप दहा-बारा वेळा मारणे हा तर नेम. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे आपल्यालाही सहज जमेल. (काडी ओढून गळती शोधणारे महाभागही मी पाहिले आहेत!)

परंतु ज्या वायूला वासच नाही, त्याच्यापुढे ही सारी दक्षता अपुरी पडते. तिसऱ्या दिवशी आम्ही आइल ऑफ वाइटच्या न्यूटाउन खाडीत नांगर टाकला होता. पाऊस लागला, झरोके बंद झाले, आणि ऊब यावी म्हणून भाचेसुनेने शेगडी पेटतीच ठेवली. सायंकाळी नात म्हणाली, "आजी, डोकं दुखतंय, मळमळतंय." "बोट लागली असेल," असे तिची आई म्हणाली, तिचेही डोके जड झाले होते. पण पाणी तर ताटासारखे स्थिर होते! परिचारिका म्हणून तीस वर्षे काढल्यामुळे मला शंका आली. शेगडी विझवली, झरोके उघडले, सर्वांना डेकवर आणले. भाच्याने ऑक्सिमीटर लावला, तो ९८ दाखवीत होता. तरीही मी रुग्णालयाचा आग्रह धरला.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या दोहोंतला भेद कळत नाही. करोनाकाळापासून घरोघरी असलेल्या या यंत्रावर अशा वेळी मुळीच विसंबू नये. रक्ततपासणीत विषबाधा स्पष्ट दिसली. मुखवट्यातून ऑक्सिजन देताच काही तासांत दोघींना आराम पडला.

आता त्या नौकेत दोन यंत्रे आहेत: एक झोपण्याच्या जागेजवळ, कार्बन मोनॉक्साइडचे, दुसरे अगदी तळाशी, गळलेल्या गॅसचे. भारतात परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी धाकट्या बहिणीच्या बंद न्हाणीघरातला गॅस गिझर काढून बाहेर गॅलरीत बसवून घेतला.