वजा करून उरलेला समुद्र

नागपूरच्या मनीषनगरात पाऊस थांबला की रुळांवरचा भोंगा फार स्वच्छ ऐकू येतो. अजनीकडून गाडी जवळ येते तसा तो चढा लागतो, आणि ती समोरून खापरीकडे गेली की एकदम उतरतो. इंजिनाचा सूर तोच असतो. त्यात गाडीची चाल मिसळलेली असते. अशा वेळी मला दूरचा दर्या आठवतो, चालत्या जहाजावरून लाटा मोजणाऱ्यांचा.

रत्नागिरीसमोर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा नांगरलेला बोया जागच्या जागी हिंदकळत लाटा मोजतो. वाटेवरच्या जहाजाला मात्र चालता चालताच लाटा मोजाव्या लागतात; त्याचे डोळे म्हणजे त्याचे रडार. त्या रडारलहरींची लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर. त्यांना माघारी धाडतात ते वाऱ्याने उठलेले दीड सेंटिमीटरचे इवले तरंग. मोठी लाट या तरंगांना अंगावर खेळवत येते. तिचा रडारकडचा उतार पडद्यावर उजळतो, पलीकडचा अंधारतो, आणि नांगरलेल्या काळ्या रानातल्या तासांसारख्या रेघा उमटतात. होड्या शोधणाऱ्या खलाशांना हा पडद्यावरचा कचरा वाटे. १९८५ साली यंग, रोझेंथाल आणि झीमर या संशोधकांनी याच रेघांतून लाटा आणि प्रवाह वाचण्याची रीत मांडली. वारा पडला, तरंग विरले, की रडारला लाटही दिसेनाशी होते. घराएवढ्या लाटेची साक्ष द्यायला बोटाच्या पेराएवढा तरंग लागतो!

अँटेना सुमारे अडीच सेकंदांत एक फेरी घेते. तेवढ्यात जहाज पुढे सरकलेले असते. लाटांना सामोरे गेले तर त्या भराभर येतात. त्यांच्याबरोबर निघाले तर रेंगाळतात. म्हणून जहाजाचा वेग, दिशा आणि जागा क्षणोक्षणी नोंदून आधी हिशेबातून वजा करतात. मग खोल पाण्याचा नियम लावतात: १० सेकंदांच्या अंतराने येणारी लाट सुमारे १५६ मीटर लांब असते आणि तासाला सुमारे ५६ किलोमीटर धावते. या नियमाशी ताडून जो फरक उरतो, तो पाण्याचा प्रवाह. आपली चाल ओळखून बाजूला ठेवली, तेव्हाच समुद्राची चाल कळते.

गाडी केव्हाच गेली आहे. रुळांशेजारच्या डबक्यावर वाऱ्याची झुळूक येते आणि बारीक तरंग उठतात. मी चालता चालता थांबतो. समुद्राची साक्ष देणारे तरंग एवढेच असतात.