दहातली किती वर्षं द्याल?

समजा, तुम्हाला चालवत नाही, अंघोळीला कुणाचा तरी हात लागतो, अंग सतत ठणकतं. असं दहा वर्षं जगायचं आणि मरायचं. नाहीतर ठणठणीत जगायचं, पण वर्षं कमी. किती वर्षांवर राजी व्हाल? सहा म्हणालात, तर त्या आजारपणाची किंमत ०.६. कॅनडातल्या टॉरन्स आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. तिच्यातून निघालेल्या आकड्याला वर्षांनी गुणायचं आणि उपचाराचा खर्च त्याच्यापुढे ठेवायचा. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ ही सरकारी संस्था असा हिशेब करते. सुदृढ आयुष्याच्या एका वर्षामागे वीस ते तीस हजार पौंड, ही अनेक वर्षं तिची मर्यादा होती.

आपल्याकडेही असे आकडे काढले गेले आहेत. चंदीगडच्या पीजीआयच्या संशोधकांनी ३,५४८ लोकांना असे प्रश्न विचारून २०२२ मध्ये कुठल्या अवस्थेला किती किंमत, याचा भारताचा तक्ता प्रसिद्ध केला. हालचाल, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना, चिंता हे पाचही जिथे अगदी ढासळलेले, त्या अवस्थेला उणे ०.९२३. म्हणजे मरणापेक्षाही वाईट! उणे आकडा बघून मी दचकले खरी, पण अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या घरात असतं, तिथे हे बोललं जातंच, फक्त हळू आवाजात.

माझ्या आत्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. तिला मी हा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “नातवाची मुंज होईपर्यंत एक दिवस देणार नाही. पुढचं पुढे बघू.” तक्त्यात सगळी वर्षं सारख्या वजनाची, आत्याच्या हिशेबात मुंजीचं वर्ष भारी. शिवाय धडधाकट माणूस डायलिसिसची कल्पना करतो तेव्हा त्याला सुया दिसतात, मधल्या दिवसांतले पत्त्यांचे डाव दिसत नाहीत. म्हणून रोग्यांचे आकडे बहुधा निरोग्यांपेक्षा वरचे येतात.

तरी बहुतेक तक्ते सर्वसामान्य लोकांना विचारूनच होतात. पैसा करदात्यांचा, तेव्हा मत त्यांचं, हा युक्तिवाद मला निम्माच पटतो. स्वीडनमध्ये प्रत्यक्ष आजार भोगणाऱ्यांच्या आकड्यांना पसंती आहे, आणि मन तिकडेच झुकतं. पण तिथेही गोम आहे. आत्याने “माझं छान चाललंय” म्हणून ०.९ सांगितलं, तर नव्या उपचाराने भरून काढायला उरलं फक्त ०.१, महागड्या औषधासाठी तेवढ्यावर पैसे कोण मंजूर करणार?