सोन्याचा सांधा

मुलांनो, घरात कपबशी फुटली की काय होतं? आधी 'खळ्ळ' असा आवाज. मग आतून आईची हाक, "काय फोडलंस रे?" मग केरसुणी, सुपली आणि तुकडे थेट कचऱ्याच्या डब्यात! पण जपानमध्ये काही माणसं हे तुकडे जपून ठेवतात, महिना-दोन महिने खपून जोडतात आणि सांध्यावर चक्क सोनं लावतात. या कलेचं नाव आहे किन्त्सुगी. 'किन' म्हणजे सोनं आणि 'त्सुगी' म्हणजे जोड. ती कशी शिकतात हे पाहायला आज आपण जपानची सफर करू या. तिकिटाची काळजी नको!

पहिला मुक्काम राजधानी टोकियो. इथल्या उएनो बागेत राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यांच्याकडे 'बाकोहान' नावाचा एक हिरवट-निळा वाडगा आहे. त्याचा काठ फुलाच्या पाकळ्यांसारखा आहे. तो १३ व्या शतकात चीनमध्ये घडवलेला. जुनी हकिकत अशी सांगतात, की १५ व्या शतकात तो योशिमासा नावाच्या शोगुनकडे, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याकडे होता. त्याला तडा गेला. शोगुनने तो चीनला पाठवला आणि निरोप दिला, "अगदी असाच दुसरा द्या." तिकडून उत्तर आलं, "आता असा वाडगा होणे नाही!" त्यांनी तड्यावर धातूचे टाके ठोकून तोच वाडगा परत पाठवला. ते टाके बघून लोकांना टोळ आठवला आणि त्यावरूनच वाडग्याला नाव पडलं.

गंमत म्हणजे, या वाडग्यावर सोन्याचा कणही नाही. पण टाके दिसतात म्हणून कोणी तो टाकून दिला नाही, उलट त्यासाठीच जपला. जोड दिसली तर दिसू दे, हा विचार इथे आहेच. सोनं बघायचं असेल, तर टोकियोतच हाताकेयामा संग्रहालयाचा 'सेप्पो' हा पेला बघायला हवा. होनामी कोएत्सु (१५५८ ते १६३७) या कलावंताने तो केला. भट्टीत त्याला भेगा पडल्या. त्या सोन्याने बुजवल्या. सेप्पो म्हणजे बर्फाचं शिखर. सोनेरी रेघा अशा दिसतात, जणू शिखरावरचा बर्फ वितळून ओहोळ निघाले आहेत!

आता मला सांगा, सोन्याने तुकडे चिकटतात का? नाही ना? मग चिकटवतं कोण? ते शोधायला आपण बुलेट ट्रेनने उत्तरेला जाऊ. इवाते प्रांतात निनोहे नावाचं शहर आहे. त्याच्या जोबोजी भागात उरुशीची झाडं वाढवतात. या झाडाचा चीक हाच किन्त्सुगीचा खरा डिंक! आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते, उरुशी मात्र झाडापासून. हे झाड आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं आहे. बिब्बा कसा उततो, हे आजीला विचारा. कच्ची उरुशी अंगाला लागली तर तशीच उतते. म्हणून शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हातमोजे घालायचा.

झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जूनपासून त्याच्या सालीवर आडव्या चिरा देतात. दर चार-पाच दिवसांनी एक नवी चीर. थेंब थेंब चीक खरवडून गोळा करतात. पावसाळा, उन्हाळा सगळा मोसम राबून एका झाडाचा चीक भरतो किती? सुमारे २०० ग्रॅम! त्यानंतर ते झाड तोडतात. मग मुळांना, बुंध्याला नवे फुटवे येतात आणि पुन्हा तेवढी वर्षं वाट पाहायची.

चला, आता कारागिराच्या टेबलापाशी बसू. आधी तुकडे धुऊन, पुसून त्यांच्या कडा किंचित घासायच्या. गव्हाचं पीठ पाण्यात मळायचं आणि त्यात कच्ची उरुशी मिसळायची. हा झाला चिकट लगदा. तो कडांना पातळ लावून तुकडे जुळवायचे आणि पट्टीने बांधून लाकडी पेटीत ठेवायचे. पेटीत ओला कपडा असतो, कारण उरुशी उन्हात वाळत नाही, ती दमट हवेत घट्ट होते. श्रावणात आपले दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत ना? उरुशीला अशीच हवा आवडते!

पेटी आठवडाभर, कधी त्याहून जास्त उघडायची नाही. मग जिथला टवका उडालाय, तिथे दगडाची भुकटी आणि उरुशी कालवून भरायची. पुन्हा पेटी. ते घासून गुळगुळीत करायचं, सांध्यावर काळ्या उरुशीची रेघ ओढायची. पुन्हा पेटी. शेवटी लाल उरुशीची केसासारखी बारीक रेघ आणि ती ओलसर असतानाच तिच्यावर सोन्याची भुकटी भुरभुरायची. सोनं पक्कं बसलं की ते घोटून चमकवतात. कशाने, माहीत आहे? जुन्या पद्धतीत चक्क माशाच्या दाताने!

म्हणजे बघा, सोन्याचं काम थोड्याच वेळाचं. बाकी सगळं पीठ, दगड, चीक आणि वाट पाहणं. एका बैठकीत शिकवणारे वर्गही हल्ली निघालेत. तिथे बहुधा रासायनिक डिंक आणि सोनेरी रंगाची भुकटी वापरतात. पालकांनो, अशा जोडलेल्या भांड्यातून मुलांना खायला देऊ नका, ते शोभेलाच ठेवा.

जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी आज चीनमधून येते. म्हणून २०१५ साली तिथल्या सरकारने ठरवलं, की राष्ट्रीय ठेवा असलेल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला देशातलीच उरुशी वापरायची. आता वहीत एक गणित सोडवा. एका देवळाला १० किलो उरुशी लागली, तर किती झाडं हवीत? आलं उत्तर? बरोबर, पन्नास! आणि ती पन्नास झाडं कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लावून ठेवलेली असायला हवीत. जोबोजीत आज जो रोप लावतोय, त्याच्या झाडाच्या चिकाने जोडला जाणारा वाडगा अजून फुटायचाय, बरं का!