मामेबहीण आणि इरावतीबाई

आमच्या यवतमाळात मुसलमानांच्या सोयरिकी चाचा, फुफू, मामू, खाला यांच्या मुलांतही जुळतात. ‘तुमच्यात बहिणीशीच लग्न लावतात,’ हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. आता आमच्या मुली कॉलेजात ऐकतात आणि गप्प बसतात.

त्यांना आम्ही इरावती कर्वे यांच्याबद्दल सांगतो. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. बर्लिनची डॉक्टरेट, १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवले. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. त्यात लग्नाच्या रीती प्रदेशवार मांडल्या आहेत. उत्तरेकडच्या हिंदूंत जवळच्या नात्यात लग्न चालत नाही. दक्षिणेत मामाची मुलगी हक्काची, काही ठिकाणी तर मामाच भाचीशी लग्न करतो. महाराष्ट्र मधला: इथल्या अनेक जातींत मामेबहीण चालते, आतेबहीण नाही. आमच्यात आते, चुलत, मावस नातेही चालते, एवढाच फरक.

पिढ्यानपिढ्या जवळच्याच नात्यात लग्ने करू नयेत, असे डॉक्टर सांगतात. ते ऐकावेच, पण टोमणा मारणाऱ्याला ती काळजी नसते.

धाकटीने हे सारे एका मैत्रिणीला सांगितले. तिने घरी जाऊन आजीला विचारले, तर आजोबा आजीचे सख्खे आतेभाऊच निघाले.