घरांत राहून घेतलेलीं छायाचित्रें

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत बेटांची एक लांबट रांग पसरलेली आहे. तिला बाह्य हेब्रिडीझ म्हणतात. तींतील दक्षिण युइस्ट या बेटाचे निसर्गानें जणूं दोन उभे भाग केले आहेत. पश्चिमेस पांढरी वाळू व शिंपल्यांच्या चुऱ्यानें कसदार झालेलीं गवताळ मैदानें. पूर्वेस डोंगर, खडक आणि दलदल. झाडें फारच विरळ, कारण वारा तीं वाढूं देत नाहीं.

या बेटावर १९२९ सालीं मार्गारेट फे शॉ या अमेरिकन बाई राहावयास आल्या. त्यांचा जन्म १९०३ सालीं पेन्सिल्व्हेनियांत झाला. लहानपणींच त्यांचें मातापित्यांचें छत्र हरपलें. पुढें स्कॉटलंडांत शिकत असतां त्यांनीं तेथील गॅलिक भाषेंतील गाणीं मैफिलीसाठीं बसविलेल्या स्वरूपांत ऐकलीं. आणि तीं मुळांत ज्यांच्या तोंडीं आहेत त्यांच्याकडूनच ऐकावीं, असें त्यांच्या मनानें घेतलें. बेटाच्या दक्षिण भागांतील ग्लेनडेल येथें दोघी बहिणींनीं आपल्या घरांत त्यांना जागा दिली. पाहुणी म्हणून आलेल्या बाई तेथें १९३५ पर्यंत राहिल्या. या काळांत काढलेलीं त्यांची छायाचित्रें आज त्या बेटाच्या जुन्या दिनचर्येचा अमोल ठेवा झालीं आहेत.

दरिद्री प्रदेशांत गेलेला प्रवासी बहुधा दोनच तऱ्हांचीं चित्रें घेऊन परततो: एक कींव आणणारीं, दुसरीं नुसतीं देखणीं. दोहोंतही समोरचें माणूस कोणीतरी परकें असतें. शॉबाईंचीं चित्रें या दोहोंत बसत नाहींत. जाड दगडी भिंतींचीं, गवतानें शाकारलेलीं घरें त्यांत आहेत. छप्पर वादळानें उडूं नये म्हणून त्यावरून दोर टाकून त्यांना दगड बांधीत. दलदलींतील काळी माती विटांसारखी कापून, वाळवून, तेंच जळण म्हणून घरीं आणणारीं माणसें आहेत. मेंढ्यांची लोकर कातरणें, ती पिंजणें, चरख्यावर सूत काढणें, खडकावरचें दगडफूल खरवडून त्याबरोबर मोठ्या हंड्यांत लोकर उकळून तिला तांबूस रंग चढविणें, हीं सारीं कामें आहेत. छायाचित्र काढणारी व्यक्ति त्याच चुलीपाशीं बसून जेवणारी असल्यामुळें हीं माणसें तिच्याकडे संकोचानें पाहत नाहींत. त्यांचें लक्ष आपल्या कामांत असतें. आणि म्हणूनच त्या कामामागील कसब आपल्या नजरेस पडतें.

हें कसब हौसेचें नव्हतें. एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनीं चांगल्या जमिनी मेंढपाळीच्या मोठ्या कुरणांसाठीं मोकळ्या करविल्या; १८५१ सालीं तर या बेटावरील शेंकडों लोकांस जहाजांत घालून कॅनडास धाडण्यांत आलें. मागें राहिलेल्या अनेकांच्या वांट्यास खडकाळ तुकडे आले. तेथें नांगर चालत नसे. मातीचे उंच वाफे करून, त्यांत समुद्रांतील शेवाळ खत म्हणून घालून ते बटाटे पिकवीत. १८८६ च्या कायद्यानें कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क मिळाला, पण मालकी जमीनदाराचीच राहिली. हें ध्यानांत घेतलें म्हणजे चित्रांतील एका पाटी शेवाळाचेंही मोल कळूं लागतें.

तथापि छायाचित्र मुकें असतें. हातमागावरून उतरलेलें लोकरी कापड ओलें करून बायका फळीभोंवतीं बसत व तालावर आपटून तें घट्ट करीत. एकीनें चरण म्हणावा, इतरांनीं पालुपद उचलावें. जात्यावरील ओवी ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना श्रम आणि गाणें यांचें हें नातें समजावून सांगावयास नको. शॉबाईंनीं गॅलिक भाषा आत्मसात केली आणि हीं गाणीं, त्यांच्या चालींसह, लिहून घेतलीं. दक्षिण युइस्टच्या लोकगीतांचा व लोकविद्येचा त्यांचा ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. चित्रांत जें ऐकूं येत नाहीं, तें त्या ग्रंथांत आहे.

१९३५ सालीं त्यांचा विवाह गॅलिकचे अभ्यासक जॉन लॉर्न कँपबेल यांच्याशीं झाला. १९३८ सालीं कँपबेल यांनीं कॅना हें छोटें बेट विकत घेतलें, व १९८१ सालीं तें नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेस दिलें. शॉबाईंचा छायाचित्रसंग्रहही त्या संस्थेकडेच आहे. २००४ सालीं, वयाच्या १०१ व्या वर्षीं बाई निवर्तल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, २००६ सालीं, दक्षिण युइस्टच्या रहिवाशांनीं जमीनदारी विकत घेतली व ती लोकांच्या संस्थेच्या हातीं आली. ज्यांच्या हातांनीं त्या खडकांवर माती चढविली, ते हात आज फक्त या चित्रांत दिसतात. जमीन आपलीच होती, हें सिद्ध करणारा कागद त्यांच्यापाशीं नव्हता. त्यांच्या श्रमाचा दाखला मात्र शॉबाईंनीं मागें ठेवला आहे.