सालींचं पाणी

आमरसाचा बेत ठरला की माझी नजर आमरसावर नसते, सालींवर असते. पातेल्याशेजारी माझं टोपलं आधीच ठेवलेलं असतं.

या साली आंबवून झाडांसाठी पाणी करते. प्रमाण एकच: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, लिटरभर पाणी. बाटली प्लास्टिकची आणि वरून चांगली मोकळी. पहिल्या वर्षी मी लोणच्याची काचेची बरणी घेतली, झाकण गच्च लावलं आणि चार दिवस माहेरी गेले. आले तर बाल्कनीच्या छताला मोसंबीची साल चिकटलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, आम्हाला वाटलं कुकर उडाला!” तेव्हापासून महिनाभर रोज झाकण सैल करून हवा सोडते.

बाकी सगळं नाकावर. आधी ताडीसारखा वास येतो. सासूबाईंनी त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, “आपल्या घरात असला वास!” पुढे तो आंबट, शिरक्यासारखा होतो. पांढरी साय धरली तर घाबरायचं नाही. काळी बुरशी आली किंवा नासक्या अंड्याचा वास सुटला, की बाटली रिकामी करायची. तीन महिन्यांनी गाळायचं आणि लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा मिसळून झाडांना घालायचं. एकदा उत्साहाने निरंच ओतलं, तर जास्वंदीची पानं कडेने करपली.

पण याला खत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. केळीच्या सालीतून पोटॅश उतरतं, हे खरं; नत्र मात्र नावापुरतंच. दोन वर्षं हेच पाणी घालत राहिले आणि टोमॅटोची खालची पानं पिवळी पडत गेली. शेवटी शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली, तेव्हा नवी पालवी हिरवीगार आली. झाडाला हे पाणी म्हणजे जेवणावरचं ताक. खरं जेवण तयार होतं ते खताच्या पिंपात: गाळून उरलेला चोथा, त्यावर वाळक्या पानांचा जाड थर (नाहीतर चिलटं घरभर).

यंदाच्या बाटलीवर चिठ्ठी आहे: 20 मे, हापूस आणि अननस. सासूबाई सकाळी पूजेची फुलं तोडायला बाल्कनीत जातात. आतून मला फुस्स असा आवाज ऐकू येतो, मग झाकण पुन्हा फिरवल्याचा. त्या फुलं घेऊन देवघरात जातात आणि मी काही विचारत नाही.